मदत हवी आहे: टाटा 1210 ला क्लच 310 चा की 330 चा?

मंडळी, गाडी म्हणजे टाटा 1210 ट्रक, अर्ध्या नाकाचा (इंजिन अर्धं केबिनच्या आत), 1976 चा. टाटांचा मर्सिडीजशी करार 1969 मध्येच संपला होता, त्यामुळे जाळीवर चांदणी नाही, पण बाबा आजही तिला मर्सिडीजच म्हणतात. रेतीबंदरवर तिने वीस वर्षं रेती ओढली. नंतर कळव्याला घरामागे ताडपत्रीखाली पडून होती. मागच्या दिवाळीत मी आणि धाकट्या भावाने मनावर घेतलं आणि तिला चालती केली.

घोळ क्लचचा आहे. मूळ इंजिन 692, म्हणजे सहा सिलिंडर, 92 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 4.788 लिटर. पुढे काकांनी ते काढून 697 टाकलं, 5.675 लिटरचं. गिअरबॉक्स जुनाच ठेवला. आता घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर तिसऱ्यात घेतली की इंजिनचा आवाज चढत जातो आणि गाडी जागची हलेना. मग क्लच प्लेटवरच्या जळक्या लाइनिंगचा (घासणाऱ्या अस्तराचा) वास. मागे हौद्यात स्टेपनी सोडून काही नाही.

गिअरबॉक्स उतरवला. आतली क्लच प्लेट 310 मिमी व्यासाची. कळंबोलीचे चाचा, बाबांच्या वेळचे मिस्त्री, म्हणाले, "692 चा क्लच 697 ला कसा पुरणार? 330 टाक." दुसऱ्या एकाने थेट 352 सांगितलं. मी उत्साहात 330 चा सेट घेऊन आलो. प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) अलगद बसली, पण प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या स्प्रिंगांच्या प्लेटची) भोकं फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, भोकांवर येईनात. प्रत्येक भोकातून चंद्रकोरीएवढाच उजेड दिसतो. दुकानात "क्लचचा माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी, तीही सेट घेऊन परत गेल्यावर दिसली.

फ्लायव्हीलला नवी भोकं पाडून 330 बसवावा का? कोणी केलंय का असं?

तुर्भेकर: भोकं पाडू नका, कृपा करून! नवं भोक जुन्याला खेटून पडलं की मधे धातू उरत नाही, आटे धरत नाहीत. आणि ते चाक मिनिटाला 2800 फेरे घेतं. बोल्ट सुटला तर बेल हाउसिंग (क्लचवरचं कवच) फोडून थेट तुमच्या पायाशी येईल. शिवाय 330 ची लाइनिंग फ्लायव्हीलच्या घासलेल्या पट्ट्यावर पूर्ण बसते का, हे पाहिलंत? बाहेरची कड पट्ट्याबाहेर गेली तर वाढवलेल्या साइजचा काय उपयोग! खरंच 330 हवा असेल तर त्या मापाचं फ्लायव्हील शोधा, पण त्याची रिंग गिअर (कडेची दातेरी कडी) तुमच्या स्टार्टरला जुळते का ते दात मोजून बघा. बाकी, इंजिन बदललंय ते आरसी बुकात चढवलंय ना? नाहीतर क्लच राहील बाजूला आणि आरटीओत खेटे घालाल.

लेथवाला_कोपरी: थोडं गणित करू या. क्लच किती ओढ पेलतो हे तीन गोष्टींवर ठरतं: लाइनिंगची पकड, स्प्रिंगांचा दाब आणि लाइनिंगची सरासरी त्रिज्या. 310 वरून 330 ला गेलात आणि दाब तोच राहिला तर फायदा साडेसहा टक्क्यांच्या आसपास. इंजिन मात्र साडेअठरा टक्क्यांनी मोठं झालंय. म्हणजे साइजने मिळतं त्यापेक्षा दाबाने जास्त मिळवावं लागतं. मोठ्या प्लेटचा खरा फायदा क्षेत्रफळाचा: ती कमी तापते, जास्त टिकते. रोज माल भरून गाडी पळवायची असती तर मीही मोठीच सांगितली असती.

पण मला खटकतंय ते वेगळंच. तुमची गाडी रिकामी आहे. भरल्या गाडीला चढावर पुरेल असा बनवलेला क्लच रिकाम्या गाडीला स्लिप मारतो (घसरतो), तेव्हा तो लहान नसतो, आजारी असतो. चार गोष्टी सांगा. लाइनिंग किती उरली? तेलकट आहे का? पेडलला मोकळा खेळ (क्लच सुटू लागण्याआधीची सैल हालचाल) होता का? आणि फ्लायव्हील सपाट आहे की कडेला पायरी आहे?

धागाकर्ता: लाइनिंग भरपूर आहे, रिवेटची डोकी अजून दीड मिमी खोल. कोरडी आहे, मागचं ऑइल सील आम्हीच बदललं होतं. पेडलचा खेळ चाचांनी बसवला होता. फ्लायव्हीलला कडेला पायरी आहे, प्रेशर प्लेट त्या उंच कडेवर आवळली जाते. घासायचा भाग लख्ख आहे, कारण गाडी बाहेर काढायच्या आधी त्याला लेथवर फेसिंग मारून, म्हणजे पातळ थर कापून सपाट करून घेतलं होतं.

लेथवाला_कोपरी: फक्त आतल्या भागाला मारलं की कडेलाही?

धागाकर्ता: ...फक्त आतल्या.

लेथवाला_कोपरी: मग झालं. आतला भाग खाली गेला, कड होती तिथेच राहिली. प्रेशर प्लेटला तेवढं जास्त पुढे यावं लागतं, स्प्रिंगा तेवढ्या सैलावतात, दाब पडतो. नवी कोरी प्लेट टाकलीत तरी ती झिजल्यासारखीच वागणार. कधीच लेथवर न चढलेलं तसलंच फ्लायव्हील मिळालं तर दोन्हींच्या पायऱ्या डेप्थ गेजने मोजा. फरक असेल तितकीच कड उतरवा. बॅलन्सिंग करून घ्या. स्प्रिंगा जुन्या असतील तर 310 चीच प्रेशर प्लेट नवी घ्या, तिच्या फिंगर (क्लच सोडवणाऱ्या पट्ट्या) एका उंचीवर लावून घ्या.

धागाकर्ता (दोन आठवड्यांनी): चाचांच्या शेडमागे 697 चं एक न वापरलेलं फ्लायव्हील पडलं होतं. मोजलं. माझी पायरी 1.4 मिमीने जास्त निघाली. चाचांनी गेज माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा लावला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा लावला, मग म्हणाले, "फेसिंग को मैंनेच भेजा था." पुढे दोघांनी चहा घेतला.

कड उतरवली, प्रेशर प्लेट नवी, क्लच प्लेट तीच जुनी 310 ची. काल रविवारी सकाळी गायमुख तिसऱ्यात चढलो. बाबा शेजारी बसले होते. वर पोचल्यावर एवढंच म्हणाले, "दुसऱ्यात घ्यायची असते इथे."

330 चा सेट पडून आहे, डब्यासकट. कोणाला हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कळव्यातून न्यावा लागेल.