कार्ड हातात आहे, पण दवाखाना?
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे गरिबाचा उपचाराचा प्रश्न बहुतांशी सुटला, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. योजनेचा भर रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या खर्चावर आहे; रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, तपासण्या, एसटीचे भाडे आणि सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी हे सारे कार्डाबाहेरच राहते, आणि गरीब घर कर्जात जाते ते बरेचदा याच किरकोळ वाटणाऱ्या खर्चांपायी. शिवाय अंतराचे काय? आदिवासी व डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा निकष आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क तुटतो, आणि अडलेल्या बाईला खाटेची कावड करून चिखलातून न्यावे लागते. निकष लोकसंख्या मोजतो, नदी मोजत नाही.

गडचिरोलीतच 'सर्च' या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाचे वजन, ताप, श्वासाचा वेग पाहायला शिकवले, घरीच उपचार पोचवले आणि बालमृत्यू लक्षणीय घटवले. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. त्यांचे मानधन मात्र आजही बऱ्याच अंशी कामावर आधारित मोबदल्याच्या हिशेबात अडकलेले आहे.