परदेशी मदत बंद करावी का? वादविवादासाठी मुद्दे हवेत (बाजूने!)

नमस्कार मंडळी, भाचीच्या कॉलेजात शनिवारी वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'सरकारांनी परदेशी मदत टप्प्याटप्प्याने बंद करावी'. चिठ्ठीत तिला 'बाजूने' आलंय आणि मामा पेपर वाचतो म्हणून काम माझ्या गळ्यात.

आधी सोपं वाटलं. आईला विचारलं तर ती ६६-६७ च्या रेशनवरच्या लाल मिलोवरच (अमेरिकेची लाल ज्वारी) घसरली, भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही, पण रांग लावून आणायचेच. तेव्हा पीएल-४८० या अमेरिकेच्या मदत-कायद्याखाली तिकडचं धान्य यायचं आणि आपण व्हिएतनामवर बोललो म्हणून त्यांचे अध्यक्ष जॉन्सनसाहेब जहाजं महिन्याच्या हिशोबाने सोडायचे. म्हटलं झालं, मुद्दा मिळाला. (भाचीला गाजरगवतही त्याच गव्हातून आलं असं ठोकून द्यायचंय, पण ते पुण्यात १९५५ लाच दिसलं होतं आणि आपला पीएल-४८० चा करार १९५६ चा, समोरचा धुवून काढेल.)

अडलंय ते २०२५ वर. जानेवारीत ट्रम्पने ९० दिवस मदत रोखली, १ जुलैला यूएसएड (अमेरिकेची परदेशी मदत देणारी संस्था) बंदच. आफ्रिकेतल्या एचआयव्हीच्या कितीतरी पेशंटची औषधं २००३ पासून अमेरिकेच्याच पैशावर चालू होती, गोळी रोजची असते हो, ९० दिवस थांबा म्हणून कसं चालेल? समोरचे हेच काढणार. हे टप्प्याटप्प्याने नव्हतंच, एका झटक्यात होतं, एवढं म्हणता येईल, पण मग नीट बंद केल्याचं उदाहरण लागेल ना. माझ्याकडे एकच, ब्रिटनने २०१२ ला आपल्याला सांगून २०१५ ला आर्थिक मदत थांबवली. पण आपण तेव्हा कुठे उपाशी होतो?

गरीब देशाचं काही आहे का कुणाकडे? प्लीज लवकर.

प्रतिसाद १: गरीब देशांना लसींसाठी पैसे देणारी 'गावी' (Gavi) ही आंतरराष्ट्रीय संस्था बघा. देशाचं दरडोई उत्पन्न वाढेल तसा लसीच्या खर्चातला त्या देशाचा वाटा वाढवत नेतात, शेवटी सगळा खर्च त्या देशाचा. इंडोनेशिया असाच बाहेर पडला आणि आता स्वतः गावीला पैसे देतो. तारीख नाही, उत्पन्न बघून बंद, हे धरून बोलायला सांगा.

धागाकर्ता: वा, हेच पाहिजे होतं! भाचीला पाठवलं, तर ती म्हणते आपणच २०२५-२६ च्या बजेटात भूतानला मदत म्हणून २१५० कोटी ठेवलेत, समोरच्यांनी ते काढलं तर काय बोलू? आता यावर सांगा कुणीतरी.