वायर ट्रान्सफरमध्ये वाटेत पैसे नेमके कोण कापते, आणि स्वस्त पर्याय कोणते?

प्रश्न

माझी धाकटी बहीण परदेशात शिकते आणि तिच्या शिक्षणसंस्थेचे शुल्क मी दर सत्राला बँकेतून वायर ट्रान्सफरने भरतो. बँक पाठवण्याचे जे शुल्क घेते ते पावतीवर स्पष्ट लिहिलेले असते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र संस्थेच्या खात्यात जमा होणारी रक्कम प्रत्येक वेळी थोडी कमी भरते, आणि ती किती कमी भरेल हे आधी कोणीही सांगत नाही. मागच्या सत्रात अशाच किरकोळ तुटीमुळे तिचे शुल्क अपूर्ण धरले गेले आणि वर विलंबाचा दंड बसला. बँकेत चौकशी केली, तर 'आमच्याकडून पूर्ण रक्कम गेलेली आहे' एवढेच उत्तर मिळाले. हे पैसे वाटेत कोण कापते, ते आधी कळण्याचा काही मार्ग आहे का, आणि बँकेच्या वायरपेक्षा कमी खर्चाचे पण तितकेच विश्वासार्ह पर्याय कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

बँकेचे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. परदेशी वायर जिच्यामार्फत जाते ती, १९७३ साली स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था प्रत्यक्ष पैसे हलवत नाही, ती बँकांमधील संदेश पोहोचवते. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांमधील नावे-जमा नोंदींतून. आपल्या बँकेचे आणि संस्थेच्या बँकेचे एकमेकींकडे असे खाते नसेल, तर दोघींची खाती जिच्याकडे आहेत अशी तिसरी बँक मध्ये येते, कधी कधी चौथीही येते, आणि यातली प्रत्येक मध्यस्थ बँक आपले शुल्क पुढे जाणाऱ्या रकमेतूनच वळते करून घेऊ शकते. शेवटी ज्या बँकेत पैसे जमा होतात तीही काही वेळा जमा करण्याचे शुल्क लावते.

हा खर्च कोणी सोसायचा हे अर्जातील एका छोट्या रकान्यावर ठरते, आणि तो रकाना बहुतेक वेळा काउंटरवरचा कर्मचारी न विचारताच भरतो. 'ओयूआर' म्हणजे सर्व खर्च पाठवणाऱ्याचा. 'एसएचए' म्हणजे आपल्या बँकेचे शुल्क आपण द्यायचे आणि पुढची सर्व कपात पैसे घेणाऱ्याच्या वाट्याला. 'बीईएन' म्हणजे सगळाच भार घेणाऱ्यावर. आपल्या वर्णनावरून आपले हस्तांतरण 'एसएचए' पद्धतीने जात असावे. शुल्काची रक्कम शेवटच्या पैशासकट पूर्ण पोहोचायलाच हवी असेल, तर 'ओयूआर' मागावे. त्यासाठी बँक थोडे जास्त शुल्क घेते, पण दंडाच्या तुलनेत ते परवडते. तरीही 'ओयूआर' लिहूनही एखादी मध्यस्थ बँक कपात करते असे घडते, म्हणून 'पूर्ण रक्कम पोहोचण्याची हमी' अशी वेगळी सोय आपल्या बँकेत आहे का, हेही विचारून घ्यावे.

झालेल्या कपातीचा माग काढायचा असेल, तर बँकेकडे हस्तांतरणाच्या संदेशाची प्रत मागा. जुन्या पद्धतीत तिला 'एमटी १०३' म्हणतात. तिच्यात ३३बी या रकान्यात आपण पाठवायला सांगितलेली रक्कम असते, ३२ए मध्ये बँकांमध्ये प्रत्यक्ष चुकती झालेली रक्कम, ७१ए मध्ये खर्चाची वरची तीन अक्षरे, आणि ७१एफ मध्ये वाटेतल्या बँकांनी घेतलेले शुल्क. नोव्हेंबर २०२५ पासून बँका आपसांतील परदेशी हस्तांतरणासाठी 'आयएसओ २००२२' या नव्या मांडणीकडे वळल्या आहेत, पण तिच्यातही हीच माहिती असते. प्रत्येक हस्तांतरणाला 'यूईटीआर' नावाचा ३६ अक्षरी क्रमांकही असतो. तो बँकेला सांगून 'माझे पैसे कोणत्या बँकांतून गेले आणि कुठे किती कापले गेले' असे नेमके विचारले, की मोघम उत्तर देणे अवघड होते.

प्रतिसाद २

वरील माहिती अचूक आहे, परंतु माझ्या मते सर्वांत मोठी कपात तिच्यात आलेलीच नाही, ती म्हणजे विनिमय दरातील तफावत. बँका आपसांत ज्या दराने चलन बदलतात त्याला मध्यबाजार दर म्हणतात, आणि ग्राहकाला दिला जाणारा दर त्याहून कमी ठेवून बँक मधला फरक आपल्याकडे ठेवते. पावतीवर हा फरक 'शुल्क' म्हणून कुठेही छापलेला नसतो.

समजा, मध्यबाजारात आपल्या चलनाच्या १ एककाला समोरच्या चलनाचे १०० एकक मिळतात आणि बँकेने ९७ चा दर दिला. आपण २००० एकक पाठवले, तर समोर २,००,००० ऐवजी १,९४,००० पोहोचतात, म्हणजे आपल्या चलनात ६० एकक केवळ दरात गेले. बँकेने दाखवलेले शुल्क २० असेल, तर न दाखवलेला खर्च त्याच्या तिप्पट झाला. 'शून्य शुल्क' अशी जाहिरात वाचताना म्हणूनच फार सावध राहावे, कारण तो खर्च बहुतेक वेळा दरात मिळवलेला असतो.

तुलना करताना एकच प्रश्न पुरतो: माझ्या खात्यातून एकूण इतकी रक्कम वजा झाली, तर समोरच्या खात्यात नक्की किती जमा होईल? हा आकडा प्रत्येक सेवेकडून एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात घ्यावा, कारण दर सतत बदलत असतो. जी बँक हा आकडा देऊ शकत नाही, तिची इतर कोणाशी तुलनाच होऊ शकत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०० डॉलर परदेशी पाठवण्याचा जगभरातील सरासरी खर्च ६ टक्क्यांच्या वर आहे, आणि सर्व मार्गांमध्ये बँका सर्वांत महाग ठरतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणण्याचे लक्ष्य आहे. घरी थोडे थोडे पैसे पाठवणाऱ्या कष्टकऱ्यांना हा भुर्दंड सर्वांत जास्त बसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद ३

पर्यायांविषयी लिहितो.

पहिला पर्याय म्हणजे पैसे पाठवण्याचेच काम करणाऱ्या, परवानाधारक ऑनलाइन कंपन्या. यांची दोन्ही देशांत खाती असतात. आपण इकडच्या खात्यात भरता, आणि त्या तिकडच्या आपल्या खात्यातून घेणाऱ्याला स्थानिक पद्धतीने देतात. मध्यस्थ बँकांची साखळी टळते, त्यामुळे वाटेतली कपातही टळते. लंडनमध्ये २०११ साली सुरू झालेली वाइज ही कंपनी याच विचारातून जन्मली. तिच्या दोन एस्टोनियन संस्थापकांपैकी एकाला पगार युरोत मिळत असे आणि दुसऱ्याला पौंडांत, व दोघांची गरज नेमकी उलट चलनाची होती, म्हणून ते मध्यबाजार दराने आपसांत अदलाबदल करू लागले. आता अशा अनेक कंपन्या आहेत. प्रत्येकीची मर्यादा, वेग आणि उपलब्ध देश वेगळे असतात, आणि परवाना नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा.

दुसरा पर्याय प्रदेशानुसार बदलतो. दोन्ही खाती 'सेपा' या युरोपातील सामाईक युरो-हस्तांतरण क्षेत्रात असतील आणि व्यवहार युरोत असेल, तर वायरची गरजच नसते, आणि युरोपीय संघात सीमेपलीकडच्या युरो हस्तांतरणाला देशांतर्गत हस्तांतरणापेक्षा जास्त शुल्क लावता येत नाही. काही देशांच्या तत्काळ पैसे पाठवण्याच्या यंत्रणाही थेट जोडल्या जात आहेत. भारताचे यूपीआय आणि सिंगापूरचे पेनाऊ फेब्रुवारी २०२३ मध्ये असेच जोडले गेले.

आपल्या बाबतीत मात्र आधी शिक्षणसंस्थेलाच विचारा. अनेक विद्यापीठांनी परदेशी शुल्कासाठी स्वतंत्र सेवा नेमलेली असते, जिच्यात आपण आपल्या चलनात भरता आणि विद्यापीठाला ठरलेली पूर्ण रक्कम मिळते. तिचा दर नेहमीच सर्वांत चांगला असतो असे नाही, पण तूट आणि दंड यांची चिंता उरत नाही.

क्रेडिट कार्डाने भरणे मी सुचवणार नाही, कारण परकीय चलनाचे शुल्क आणि भरणा करण्याचा अधिभार मिळून खर्च सहसा वायरच्या वर जातो.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. संदेशाची प्रत आज मागितली आहे, आणि संस्थेने नेमलेली सेवा आहे का हेही विचारतो. एक शंका राहिली: रक्कम दोन-तीन भागांत पाठवली तर खर्च कमी होतो का? आणि वायरच योग्य असेल असा प्रसंग कोणता?

प्रतिसाद १

वायरचे शुल्क दर हस्तांतरणाला ठरावीक असते, मध्यस्थ बँकेची कपातही बहुधा तशीच, त्यामुळे भाग पाडले की ते सर्व तितक्या वेळा द्यावे लागते. दरातील तफावत टक्क्यांत असल्याने भाग पाडून ती कमी होत नाही. उलट मोठ्या रकमेवर पुष्कळ बँका चांगला दर देतात, मात्र तो मागावा लागतो.

रक्कम इतकी मोठी असेल की ऑनलाइन कंपनीच्या मर्यादेत बसत नाही, किंवा घर खरेदीसारख्या व्यवहारात समोरचा पक्ष बँकेचीच वायर मागत असेल, तेव्हा वायर योग्य. पण जमा झालेली वायर घेणाऱ्याच्या संमतीशिवाय परत मिळवणे फार कठीण असते. म्हणून 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' अशी ईमेल आली, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर बोलून खात्री करेपर्यंत एक पैसाही पाठवू नका.