अनुभव धागा : परीक्षा आणि शर्यती एकाच मोसमात

नोव्हेंबर जवळ आला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. सायकल रेसिंग सोडून बारा वर्षं झाली, तरी. सत्र परीक्षा, विद्यापीठाची निवड चाचणी, राज्य स्पर्धा, सगळं त्याच सहा-सात आठवड्यांत येऊन पडायचं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत आपल्याच घाटरस्त्यांवरून गेली आणि कॉलेजमधली बरीच मुलं नव्याने रेसिंगकडे वळली. त्यांतल्याच एकीने परवा विचारलं, "ताई, यंदा काय सोडू?" मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः दुसऱ्या वर्षी काहीच सोडलं नव्हतं, आणि डिसेंबरात टायफॉइडने दोन्ही गोष्टी एकदमच सुटल्या.

म्हणून विचारते. कॉलेज करता करता ज्यांनी शर्यती केल्या, त्यांनी आपला सर्वांत अवघड मोसम लिहा. अभ्यास नेमका कधी झाला, काय सुटलं, कुणी सांभाळून घेतलं. कॉलेजांची आणि प्रशिक्षकांची नावं नकोत.

सांगली, मेकॅनिकल

आमच्याकडे सायकलीचं वेड जुनं, त्यामुळे घरातून कधी नाही म्हटलं गेलं नाही. अडचण तारखांची होती. तिसऱ्या वर्षी आंतरविद्यापीठ रोड स्पर्धा बिकानेरला लागली आणि परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी हीट ट्रान्सफरचा पेपर. पुढचं चाक काढून, सायकल पुठ्ठ्यात बांधून मिरजेला पार्सलच्या डब्यात चढवली. वरच्या बर्थवर पुस्तक उघडलं, पण डोक्यात एकच : कुणी सायकलीवर पोतं टाकलं तर डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर वाकेल. वाकलाच.

आपल्याकडे माणूस घाटात मागे सुटतो, तिकडे सपाटीवर सुटतो. वारा आडवा आला की पुढचे रायडर तिरकी रांग धरतात. रस्त्याची रुंदी संपली की त्यांच्या मागच्याला आडोसा मिळत नाही, तो कडेला एकटा वारा खात राहतो. मी तिथेच अडकलो. मागे गिअर आपोआप उडत होते. चाळीसाव्या किलोमीटरला बंच, म्हणजे रायडरांचा मुख्य घोळका, पुढे निघून गेला. येताना गाडीला सात तास उशीर झाला आणि पेपरही गेला. एटीकेटी लागली. घरी कुणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. क्रीडा संचालकांकडून तारखांचं पत्र ऑगस्टमध्येच घेऊन परीक्षा विभागात दिलं, त्यामुळे एका पेपरची फेरपरीक्षा आधीच मान्य झाली. आणि अभ्यास विषयाप्रमाणे वाटला. इंटरव्हलच्या (थांबून थांबून पूर्ण जोर लावायच्या सरावाच्या) दिवशी संध्याकाळी गणितं सुटत नाहीत, हे मला दोन वर्षं कळत नव्हतं. मी त्याला आळस म्हणायचो. गणितं विश्रांतीच्या दिवशी ठेवली, थिअरी लाँग राईडनंतर. हँगर मात्र आता कायम जादाचा खिशात असतो.

पुणे, बी. फार्म.

ताई, तुमच्या त्या मुलीसाठी मुद्दाम लिहितेय. होस्टेलचं फाटक सहाला उघडायचं आणि प्रॅक्टिकल आठला. मग रस्त्यावर जाणं शक्यच नाही. साडेचारला उठून गच्चीवर रोलर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवणं. संध्याकाळी लायब्ररी. रविवारी सिंहगड किंवा बोपदेव. ऑक्टोबरपर्यंत सगळं छान चाललं होतं. वजन दोन किलो उतरलं, चढावर हलकं वाटायला लागलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही आवडलं.

मग पाळी चुकली. एक महिना, दोन, तीन. मी कुणाला बोलले नाही, कारण ग्रुपमध्ये एका सीनियरने "जोरात ट्रेनिंग चाललंय म्हणजे असं होणारच" असं सांगितलं होतं. ते चूक आहे. अगदी चूक आहे. खाणं खर्चाला पुरत नाही, म्हणून शरीर एकेक काम बंद करत असतं, आणि हाडंसुद्धा त्यात झिजतात. सकाळची नाडी बावन्नवरून चौसष्टवर गेली होती. मी ती रोज वहीत लिहीत होते, पण वाचत नव्हते. निवड चाचणीत दिवे घाटाच्या निम्म्यात पाय बंद पडले. हिमोग्लोबिन ठीक आलं, म्हणून एका डॉक्टरांनी परीक्षेचं टेन्शन म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी फेरिटिन तपासायला लावलं, ते ८ निघालं. शरीरातला लोहाचा साठाच संपत आला होता.

त्या मोसमात मी एकही शर्यत केली नाही. गोळ्या, जेवणाबरोबरचा चहा बंद, जेवणावर लिंबू, आणि मेसमध्ये लाज न बाळगता तिसऱ्यांदा भात. पाळी मार्चमध्ये परत आली. आई फोनवर रडली. पेपरांत सगळ्या पास झाले, पण तेव्हा त्याचं मला काहीच वाटलं नाही.

नाशिक, एका रायडरचे बाबा

मुलाला मी म्हणायचो, "आधी डिग्री, मग काय ते." एकदा त्याच्याबरोबर स्पर्धेला गेलो, फीड झोनमध्ये बाटल्या द्यायला. समोरून बंच येतो तेव्हा हात पुढे धरायला सुद्धा धीर लागतो. बाटली पडली. तो काही बोलला नाही, पुढच्या फेरीत परत त्याच जागी आला. तेव्हापासून मी तसं म्हणणं सोडलं. आता परीक्षेच्या आठवड्यात सायकल धुणं, चेनला तेल, पंक्चर, सगळं मी करतो.

कोलोरॅडो, एम. एस.

मी कोल्हापूरचा. पन्हाळा-जोतिबा केलेले पाय घेऊन इथे आलो. इथला कॉलेज रोड मोसम वसंतात असतो, म्हणजे नेमका मिडटर्मच्या वेळी. शुक्रवारी दुपारी सगळे एका व्हॅनमध्ये, चार-पाच तासांचा प्रवास. शनिवारी रोड रेस, रविवारी क्रिटेरियम (छोट्या रस्त्यावर फेऱ्या मारायची शर्यत) किंवा टीम टाइम ट्रायल (अख्ख्या संघाने मिळून घड्याळाशी लावलेली शर्यत). रविवारी रात्री परत. व्हॅनमध्ये कुणीतरी कायम लॅपटॉप मांडीवर घेऊन असतो आणि त्याला कुणी हसत नाही. खालच्या गटातल्या नवख्या रायडरचे गुणही विद्यापीठाच्या खात्यात जमा होतात, हे मला सगळ्यात आवडलं. मी पहिल्या महिन्यात कायम मागे होतो, तरी माझी वाट बघितली जायची.

एप्रिलमध्ये थीसिसचा प्रस्ताव आणि मोसमातली मोठी रेस एकाच आठवड्यात आली. टाइम ट्रायलमध्ये चौघे निघतात. एक गळला तर चालतं, दोघे गळले की संघच संपला. मी सलग चार रात्री चार-चार तास झोपलो होतो आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. दहाव्या मिनिटाला मी गळलो, पुढे दुसऱ्याचं चाक फुटलं. संध्याकाळी कॅप्टन एवढंच म्हणाली की, झोपला नव्हतास हे सांगितलं असतंस तर राखीव रायडर होता. गावाकडे आपण दुखणं लपवून धावतो आणि त्याला जिद्द म्हणतो. चौघांच्या रांगेत ते इतरांच्या अंगावर जातं.

डोंबिवली, आता वय ५६

मुंबई-पुणे सायकल शर्यत केली तेव्हा मी बी. कॉम.ला होतो. स्टीलची फ्रेम, गोंदाने चिकटवलेले ट्यूब्युलर टायर, मामांकडून उसनी घेतलेली चाकं. बोरघाट सगळ्यांत आधी चढून "घाटाचा राजा" व्हायचं एवढंच स्वप्न. खोपोलीच्या अलीकडेच टायर गेला, पाठीमागच्या गाडीत चाक मिळालं तोवर पुढचे घाटाला लागले होते. तरी चढलो. खंडाळ्याला लोक दुतर्फा उभे होते, आणि मी इतक्या मागे असूनही ओरडत होते. तो आवाज आठवला की आजही अंगावर काटा येतो. चार दिवसांनी कॉस्टिंगचा पेपर होता. काठावर पास झालो आणि बँकेत लागलो.

अमरावती, प्राध्यापिका

एक कळकळीची विनंती. पंचाहत्तर टक्के हजेरीचं पत्र स्पर्धेनंतर आणू नका, आधी आणा. आधीच्या पत्रावर आम्ही पुष्कळ करू शकतो. नंतरच्या पत्रावर इच्छा असूनही हात बांधलेले असतात. आणि शिक्षकांशी स्वतः येऊन बोला. माझ्या वर्गातल्या एका मुलाने हे पहिल्याच आठवड्यात केलं, दोन प्रॅक्टिकल मी त्याला शनिवारी करून दिली.

ज्या मुलीने विचारलं होतं, ती

ताई, सगळं दोनदा वाचलं. बी. फार्म.वाल्या ताईंचं वाचून सकाळी रक्त देऊन आले, फेरिटिनसकट. पत्राचा मसुदा क्रीडा संचालक सरांना दाखवलाय. राज्य स्पर्धेचं काय ते रक्ताचा रिपोर्ट आल्यावर ठरवेन. रविवारी पावणेसहाला सिंहगड पायथ्याला असेन. हळू चढणार आहे. कुणी येत असेल तर सांगा.