सातवीच्या मुलांना फ्रीडमन्स टाउन दाखवावं का?

बायूकाठी: लेक ह्यूस्टनमध्ये सातवीत आहे. यंदा टेक्सासचा इतिहास. टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातली अलामोची लढाई तिला तोंडपाठ आहे, पण आमच्या घरापासून वीस मिनिटांवरचं फ्रीडमन्स टाउन तिने ऐकलेलंही नव्हतं. 19 जून 1865 ला गॅल्व्हस्टनमध्ये गुलामांच्या मुक्तीचा हुकूम निघाला आणि गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय माणसं इथे, ह्यूस्टनच्या फोर्थ वॉर्ड या भागात, येऊन वसली. शहर रस्ते बांधून देईना, तेव्हा विटा स्वतः आणून बसवल्या, असं तिथले जुने लोक सांगतात. 1872 मध्ये जॅक येट्स या पाद्र्याच्या पुढाकाराने वर्गणी काढून दहा एकर जमीन घेतली. कशासाठी? मुक्तिदिन साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून! तोच आजचा इमॅन्सिपेशन पार्क. हे शाळेनेच शिकवावं, तिथे नेऊन.

दोन मुलांची आई: मला नाही पटत. सातवीला राज्याची परीक्षा असते ती वाचन आणि गणिताची. शिवाय वंशाबद्दल वर्गात काय शिकवावं यावर बंधनं घालणाऱ्या टेक्सासच्या 2021 च्या कायद्यानंतर तो विषय निघाला की शिक्षक बिचकतात. बिचकत शिकवलेला धडा नसलेलाच बरा; मुलं 'बिचारे' एवढंच घेऊन घरी येतील. शनिवारी तुम्हीच न्या ना.

बायूकाठी: मी नेईनच. पण ज्यांचे आईवडील शनिवारीही कामावर असतात, त्यांच्या मुलांचं काय? आणि ज्यांनी जमीन घेतली, रस्ते केले ते 'बिचारे' कसे? टेक्सासभर अशा पाचशेहून जास्त वसाहती होत्या. कित्येक नकाशावर उरल्या नाहीत. मृत्युपत्र नाही, जमीन सगळ्या वारसांच्या सामायिक मालकीची, मग एकाचा हिस्सा विकत घेऊन बाहेरचा माणूस सगळीच विकायला लावतो. सातबाऱ्यावर पंधरा नावं असलेल्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

शरणपूर रोड: मी नाशिकचा. आमच्या शरणपूरला मिशनऱ्यांनी गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शिकवलं. त्यांतले बरेच पुढे मोंबासाजवळ 1875 मध्ये वसवलेल्या फ्रीअर टाउनला गेले. आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. दहा वर्षं त्याच रस्त्याने शाळेत गेलो, एकाही शिक्षकाने सांगितलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

निवृत्त मास्तर: माझा आक्षेप वेगळा आहे. विटा आणि बाग दाखवाल. पण 1950 च्या दशकात महामार्गाने तीच वस्ती चिरली, ते सांगाल का? सांगायचं तर बारा वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही. नववीपर्यंत थांबा.

बायूकाठी: सर, माझी मुलगी रोज त्याच महामार्गाने शाळेत जाते. खाली कुणाची घरं होती, हा प्रश्न तिने स्वतःच विचारला.

दोन मुलांची आई: ठीक, पण वेळापत्रकातला कोणता तास काढणार ते सांगा.

बायूकाठी: अलामोच्या पाचांपैकी एक. शाळेला आज तेच लिहिलंय.