पट्टी नाही, बॅच नंबर नाही, तरी रिॲक्शनचा फॉर्म भरू का?

गावडॉक्टर:
तालुक्याच्या गावात अकरा वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. आजवर एकही एडीआर फॉर्म, म्हणजे औषधाची रिॲक्शन सरकारला कळवायचा फॉर्म, भरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पेशंट ४२ वर्षांचा, ऊसतोडीचा मुकादम. परवा आला तो खालच्या ओठावर जांभळट-काळा चट्टा आणि उजव्या मनगटावर रुपयाएवढा गोल डाग घेऊन. आदल्या दिवशी जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या दोन गोळ्या आणल्या होत्या. पहिली घेतल्यावर दोनेक तासांत ओठ चुरचुरायला लागला.

डाग बघून मी गप्पच झालो. फेब्रुवारीत हाच माणूस याच ओठावर, याच जागी फोड घेऊन आला होता आणि मी हर्पीस समजून असायक्लोव्हिर दिलं होतं. तेव्हाही आधी तीच जुलाबाची गोळी झाली होती, हे आता कळलं. त्या वेळी मी विचारलंच नव्हतं.

म्हणजे फिक्स्ड ड्रग इरप्शन, तेच औषध घेतलं की त्याच जागी उठणारा डाग. पण कंपनी माहीत नाही, बॅच नाही, गोळ्या कागदात बांधून दिलेल्या. दोन औषधांतलं नेमकं कुठलं, तेही सांगता येत नाही. शिवाय फेब्रुवारीचं लिहिलं की माझीच चूक कागदावर येते. एका एमआरला (औषध कंपनीच्या प्रतिनिधीला) सहज बोललो तर म्हणाला, "सर, कशाला मागे लावून घेता?"

भरू का?

फार्माकॉलॉजीच्या बाई:
भरा. आणि फेब्रुवारीचं तर आवर्जून लिहा, सगळी केस त्यावरच उभी आहे. तीच गोळी पुन्हा पोटात गेली आणि तोच डाग त्याच जागी उठला. मुद्दाम औषध देऊन बघायची आपली हिंमत नसते, नसावीही. तुमच्या मुकादमानं ते नकळत करून ठेवलंय.

पेशंटची आद्याक्षरं आणि वय, काय झालं, कुठल्या औषधाचा संशय, आणि कळवणारा कोण. एवढं असलं की रिपोर्ट उभा राहतो. बॅच मिळाली तर उत्तमच, नाही तर रकाना रिकामा सोडा. औषधं दोन्ही 'संशयित' म्हणून घाला. फॉर्मच्या नावातच 'सस्पेक्टेड' आहे. छडा लावून मग कळवा असं कुणी म्हटलेलं नाही. कळवलं म्हणजे डॉक्टरची चूक कबूल झाली असं होत नाही, हेही त्याच फॉर्मवर छापलंय. शेवटचं पान कोण वाचतो म्हणा!

हे रिपोर्ट गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे जातात, तिथून स्वीडनला उप्सालाच्या जागतिक साठ्यात. २०१० पासून हा कार्यक्रम चालू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकाबद्दल ड्रेस सिंड्रोमचा, म्हणजे औषधाच्या एका गंभीर ॲलर्जीचा, इशारा निघाला, टीव्हीवर बरीच बोंबाबोंब झाली. तो असल्याच सुट्या सुट्या फॉर्मांतून निघाला होता. जवळच्या मेडिकल कॉलेजात एडीआर केंद्र असेल, नसेल तर १८००-१८०-३०२४ वर फोन करा.

काउंटरच्या आतून:
मी मेडिकलवाला. चिठ्ठीशिवाय त्या गोळ्या द्यायलाच नको होत्या, हे कबूल. पण बॅचचं एक सांगतो. नंबर आणि एक्सपायरी पट्टीच्या एका टोकाला असते. आम्ही दोन गोळ्या कातरतो ते बहुतेक दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे छापील टोक दुकानातच राहतं. तीन दिवस झालेत, जाऊन विचारा. उरलेला तुकडा ड्रॉवरमध्ये असू शकतो. मात्र भांडायला गेलात तर मिळणार नाही.

नाइट ड्यूटी:
मी स्टाफ नर्स. एका रात्री वॉर्डात एकाच अँटिबायोटिकच्या इंजेक्शननंतर तीन जणांना हुडहुडी भरली. व्हायल मी कचऱ्यातून उचलून ठेवल्या, तिन्हींचा बॅच नंबर एकच. वरून निरोप आला, "सिस्टर, लिहू नका, चौकशी लागेल." मी तेव्हा नवीन होते, नाही लिहिलं. फॉर्म भरायला डॉक्टरची सही लागत नाही, नर्सलाही भरता येतो, हे मला दोन वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये कळलं. सर, तुमची केस साधी आहे हो. भरून टाका.

गावडॉक्टर:
भरला. फेब्रुवारीचं सगळं लिहिलं, असायक्लोव्हिरसकट. लिहिताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू.

मेडिकलवाल्या भाऊंचं खरं निघालं. पट्टीचा तुकडा ड्रॉवरमध्येच होता, कंपनी आणि बॅच दोन्ही मिळालं. दुकानदार आधी घाबरला, मग त्यानंच चहा मागवला.

मुकादमाला दोन्ही औषधांची नावं मराठीत लिहून कार्ड दिलंय. त्यानं ते मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवलं. म्हणाला, "मंग जुलाब लागल्यावर घेऊ काय?" ओआरएसची पाकिटं दिली, आणि आधी इकडे ये म्हटलं.

बाई, फॉर्ममध्ये वजनही विचारलंय. दवाखान्यातला काटा दिवाळीपासून बिघडलाय. अंदाजे लिहू की रिकामं सोडू?

फार्माकॉलॉजीच्या बाई:
रिकामं सोडा. आणि काटा दुरुस्त करून घ्या, लहान मुलांचे डोस काय नजरेनं ठरवताय?