मदत हवी आहे: सुजेमुळे फीट आली की फीटमुळे सूज?

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

वडील, वय ६३, राहायला कोपरखैरणे. वाशी मार्केटला कांदा-बटाट्यात माथाडी होते. बीपीची गोळी सोडली तर दवाखाना माहीत नाही.

गेल्या सोमवारी पहाटे पहिली फीट आली, दोनेक मिनिटं. शेजारच्या काकांनी कांदा फोडून नाकाशी धरला. (जन्मभर कांद्याच्या गोणी वाहिलेला माणूस, त्याला कांद्याने काय जाग येणार!) नीट शुद्धीवर येण्याआधीच रिक्षात दुसरी. सीटी स्कॅन नॉर्मल. दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) फ्लेअर नावाच्या चित्रात पांढरा आणि थोडा सुजलेला दिसला. रिपोर्टची शेवटची ओळ अशी: फीटनंतरचा बदल किंवा लिम्बिक एन्सेफलायटिस (मेंदूच्या त्या भागाचा दाह), क्लिनिकल कोरिलेशन करावे. म्हणजे तुमचं तुम्हीच ठरवा.

पाठीतलं पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचं) तपासायला काढताना आईने रडून गोंधळ घातला, लकवा होतो म्हणून. झालं काही नाही, दोन दिवस डोकं दुखलं. पाण्यात पेशी नॉर्मल, हर्पीस विषाणूची पीसीआर तपासणी निगेटिव्ह.

आता एक न्यूरोलॉजिस्ट म्हणतात, लागोपाठ फीट आल्या की मेंदूचा तेवढा भाग थकून सुजतो, काही आठवड्यांनी परत एमआरआय केला की बहुतेक ओसरलेला दिसेल. लेव्हेटिरासिटाम (फीटची गोळी) सुरू ठेवा. सेकंड ओपिनियनवाले म्हणतात, थांबू नका, ऑटोइम्यून पॅनल (शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटलंय का, याची अँटीबॉडी तपासणी) पाठवा, जमल्यास पेट स्कॅनही करा. दोन्ही खर्च आमच्या आवाक्याबाहेरचे. पाणी नॉर्मल आलंय, तरी करायचं का? कुणाच्या घरात असं झालंय का?

प्रतिसाद

ताई, मी डॉक्टर नाही. माझ्या मामांना हेच झालं होतं म्हणून तीन गोष्टी विचारते. सोडियम किती होतं? फीटच्या आधी काही आठवडे विसरणं, चिडणं, झोप उडणं असं होतं का? आणि एकाच बाजूचा हात आणि तोंड क्षणभर आखडायचं का, दिवसातून खूपदा? मामांच्या रक्तात एलजीआय१ या मेंदूतल्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी निघाली. त्यात पाठीतलं पाणी बऱ्याचदा नॉर्मलच येतं, म्हणून रक्तही पाठवायला सांगा. पेटचं नंतर बघता येईल, आधी पॅनल. फीटच्या गोळीने ते आखडणं फारसं थांबत नाही, स्टेरॉइडने थांबतं. मामांचं थांबलं, पण त्या दोन महिन्यांतलं त्यांना काहीच आठवत नाही.

धागाकर्ती

सोडियम १२४ होतं, म्हणजे कमी. बीपीच्या गोळीमुळे असेल म्हणून गोळी बदलली आणि विषय तिथेच संपला.

तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती एकदम गप्प झाली. म्हणाली, महिनाभर यांच्या उजव्या हातातून चहाचा कप उडतोय, मी रोज ओरडत होते, नीट धरता येत नाही का. दोनदा बाजारातून पिशवी न घेता परत आले, तेव्हा आम्ही हसलो होतो.

आत्ता जेवताना मोबाइल लावून बसले. वीस मिनिटांत चार वेळा. उजवा गाल ओढला जातो, हात वर जातो, संपतं. दोन सेकंदही नसतील. उद्या हा व्हिडिओ घेऊन ओपीडीत जाते. रक्ताबरोबर पाण्याचं राखून ठेवलेलं सॅम्पलही चालतं का, की परत काढावं लागतं? आईला तेवढंच विचारायचंय.